तिसरं फाटक

आमच्या पठारावर गुपित टिकत नाही, आणि त्याला कारण रेडिओ. टेलिफोनची तार तिठ्यावरच्या खानावळीपर्यंत येऊन थांबली. त्यापुढं मेंढ्या, वारा आणि एकमेकांपासून दोन-दोन तासांवर असलेली घरं. कुणाला कुणाशी बोलायचं असलं तर तो रेडिओला निरोप सांगतो, आणि दुपारी साडेबाराला व संध्याकाळी सातला झुनिल्दा नावाची बाई तो सगळ्या मुलखाला वाचून दाखवते. प्रत्येक निरोप दोनदा. कारण पहिल्या खेपेला कुणाच्या घरी कुत्रं भुंकत असतं, कुणाच्या घरी नवरा बोलत असतो. कुणाचं बाळंतपण झालं, कुणाचा दात काढला, कोण कुणावर रुसून माहेरी गेलं, हे आम्हाला घरच्यांच्या आधी कळतं.

त्या बुधवारी दुपारी एदुविना मान्सिया कांदा चिरत होती. एकसष्ट वर्षांची विधवा बाई, सव्वातीनशे मेंढ्या, एक जुनी पिकअप आणि ला एस्कोंदिदा नावाचं दोन खोल्यांचं घर. रेडिओवर आपलं नाव आलं तशी तिची सुरी कांद्यातच राहिली.

“ला एस्कोंदिदाच्या डोन्या एदुविना मान्सिया यांना, डोन आर्सेनिओ बारिया यांच्याकडून,” झुनिल्दा वाचत होती. “सोमवारी मी ग्रेडर नव्या माणसाच्या ताब्यात दिला. तो आधी डांबरी रस्ता साफ करील, तुमच्या बाजूला शनिवारी येईल, आणि तुमच्या फाटकापर्यंत वळेल याची खात्री नाही. मी उद्या गुरुवारी दुपारी तीनच्या बसनं तिठ्यावरून उत्तरेला मुलीकडे जात आहे, कायमचा. तुम्ही शनिवारपर्यंत गाडी बाहेर काढू नये. काढलीच, तर घळीतून जाऊ नये, तिथं छातीइतका बर्फ आहे. वरच्या धारेनं जावं, ती वाऱ्यानं झाडून ठेवली आहे. टायरातली हवा निम्मी करावी. मागं वाळूची पोती टाकावीत. उतारावर ब्रेकला पाय लावू नये. डोन मिर्को यांच्या रानातली तिन्ही फाटकं उघडी टाकून पुढं जावं, मी त्यांना विचारलं आहे, ते मागाहून लावतील. तिसऱ्यापाशी चढ आहे, तिथं तर मुळीच थांबू नये. रुतलात तर चाकाखाली कातडी घालावीत, लोकर खाली करून. आपला, आर्सेनिओ बारिया.”

दुसऱ्या खेपेला एदुविनानं जिवाचा कान करून ऐकलं. मग ती खुर्चीवर बसली आणि कांद्याला फुकटचा दोष मिळाला.

आता तुम्हीच सांगा. एखाद्या बाईनं येऊ नये असं माणसाला खरंच वाटत असेल, तर तो ‘येऊ नका’ म्हणून गप्प बसेल. फाटकं मोजत बसणार नाही. हा सरळसरळ ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. आणि लपलं तरी कुठं? समुद्रापासून डोंगरापर्यंत ज्याच्या घरी बॅटरी शाबूत होती त्या प्रत्येकाला भांडं दिसलं.

आर्सेनिओ बारिया रस्तेखात्यात ग्रेडर चालवायचा. बर्फ पडला की तो पिवळा ग्रेडर घेऊन निघायचा आणि पात्यानं रस्ता मोकळा करत जायचा. हमरस्त्यापासून एदुविनाचं फाटक चार किलोमीटर आत. ते काही सरकारी काम नव्हे. पण पहिल्याच हिवाळ्यात, तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तो आत आला, अंगणात ग्रेडर फिरवला आणि म्हणाला, “वळायला जागा हवी होती.” चार किलोमीटर आत येऊन वळायचं! एवढं आडमुठं यंत्र जगात दुसरं नसेल. एदुविनानं त्याला माते, म्हणजे पोखरलेल्या भोपळ्यातून नळीनं ओढायचं कडू पाल्याचं ऊन पाणी, पाजलं, जाड पुऱ्या तळून दिल्या, आणि तो गेल्यावर बघते तर या बाबानं फाटक उघडं टाकलेलं. चाळीस मेंढ्या बाहेर.

आमच्याकडे माणसाचा खून केला तर दहा वर्षांनी लोक विसरतील, उघडं टाकलेलं फाटक विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पायी आला. संध्याकाळपर्यंत अडतीस मेंढ्या हाकत आणल्या.

“दोन राहिल्या,” तो म्हणाला.

“तुमच्या आईनं दार लावायला शिकवलं नाही वाटतं.”

“आमच्या बेटावर दारं नव्हती, डोन्या एदुविना. समुद्रच होता चहूकडे.”

“इथं समुद्र नाही. इथं फाटक आहे.”

तेव्हापासून बावीस हिवाळे तो आला. उणे पंधरात ग्रेडर थांबवायचा, उतरायचा, फाटक उघडायचा, आत यायचा, पुन्हा उतरायचा, फाटक लावायचा. जाताना पुन्हा तेच. खिडकीतून एदुविना बघायची. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना अहो-जाहो सोडलं नाही. तोही विधुर. मधे काही आडवं येत नव्हतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं: भांडायला काही नसलं की माणसाला बोलायला सुरुवात कुठून करावी कळत नाही. म्हणून ते कातड्यावरून भांडायचे. गाडी रुतली की आम्ही चाकाखाली मेंढीचं कातडं घालतो. एदुविना म्हणायची लोकर वर, म्हणजे टायरला धरायला मिळतं. तो म्हणायचा लोकर खाली, म्हणजे ती बर्फात रुतून बसते.

“तुम्ही दहा टनांच्या यंत्रात फिरता. रुतणं तुम्हाला काय ठाऊक?”

“रुतलेल्यांना बाहेर कोण काढतं, डोन्या एदुविना?”

“मला कधी काढावं लागलंय?”

“नाही,” तो कबूल करायचा. “तुम्ही कुठं जातच नाही.”

शेवटचा आला तो आठ दिवसांपूर्वी. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. माते पिणाऱ्याची एक रीत असते: भोपळा परत देताना ‘आभार’ म्हटलं की बास, आता आणखी नको. नाही म्हटलं तर यजमानीण भरून देत राहते. त्या दिवशी आर्सेनिओनं एकदाही आभार म्हटले नाहीत. ती भरत राहिली, तो पीत राहिला, किटली रिकामी झाली.

“हिवाळा लांबला यंदा,” तो म्हणाला.

“दरवर्षी लांबतो.”

“हं.”

“पुऱ्या घ्या की अजून.”

“घेतो.”

आणि घेतली. मग टोपी उचलून उठला. निवृत्तीचा शब्द नाही, जाण्याचा नाही, काही नाही. फाटकापाशी बराच वेळ उभा दिसला. एदुविनाला वाटलं, कडी तपासतोय. आता बुधवारी, रेडिओसमोर बसून, तिला कळलं की कडी तपासायला इतका वेळ लागत नाही. आणि तिला तो माणूस हवा होता, दर हिवाळ्यात हवा होता, बर्फाची वाट बघणारी आख्ख्या पठारावर ती एकटीच बाई होती, हेही तिला तेव्हाच स्वतःशी म्हणता आलं.

गुरुवारी फटफटायच्या आधी तिनं दोन किटल्या ठेवल्या. पहिली इंजिनाला, दुसरी स्वतःला. ऊन पाणी इंजिनावर ओतलं, बॅटरी रात्री उशाशी घेऊन झोपली होती ती जोडली. हँडब्रेक तिनं लावलेला नव्हताच; आमच्याकडे थंडीत हँडब्रेक ओढणारा माणूस वसंतापर्यंत गाडी हलवत नाही. चाकामागचा दगड काढला. टायरातली हवा निम्मी केली. वाळूची चार पोती मागच्या आसावर येतील अशी टाकली. फावडं, राखेची बादली, दोन कातडी. मग आत जाऊन लाल स्कार्फ बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

नऊ वाजता उजाडलं आणि ती निघाली. अंगण ओलांडून स्वतःच्या फाटकाबाहेर आली, उतरली, फाटक लावलं, तारेचे दोन वेढे घातले. रोजचा हात, त्यात विचार कसला.

तिठा शेहेचाळीस किलोमीटर. घळीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली; रस्ता सरळ आणि सपाट दिसत होता, नुकत्याच अंथरलेल्या चादरीसारखा. ‘तिथं छातीइतका बर्फ आहे.’ ती डावीकडे वळून धारेला लागली. आणि खरंच, वर वाऱ्यानं नुसती खडी शिल्लक ठेवली होती. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर अंड्यावर ठेवावा तसा पाय ठेवून, ती चालली. उतार आले तिथं ब्रेक शिवला नाही, गिअर खाली घेतला आणि इंजिनाला धरू दिलं. एकदा मागची बाजू घसरली तेव्हा ज्या बाजूला घसरली त्याच बाजूला स्टिअरिंग सोडलं, आणि गाडी शहाण्या घोड्यासारखी सरळ झाली. बावीस वर्षं मातेच्या घोटांमधून त्यानं हे सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकत नसल्यासारखं ऐकलं होतं.

आपण काय बोलणार, हे तिनं ठरवलं नव्हतं. ‘जाऊ नका’ म्हणायला तोंड हवं. ‘सांभाळून जा’ म्हणायला शेहेचाळीस किलोमीटर कोण येतं? बसच्या दारात उभा असेल, टोपी हातात धरून. बघितल्यावर सुचेल. बघू तर दे, ती गाडीला म्हणाली.

डोन मिर्कोंचं पहिलं फाटक सपाटीवर होतं. उतरली, उघडलं, गाडी आत घेतली, उतरली, लावलं. निरोपात काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शब्द न् शब्द पाठ होता. पण सगळ्या पठारानं तो निरोप ऐकला होता. उद्या कुणी म्हणालं असतं, एदुविना मान्सिया एका माणसाच्या मागं एवढी धावली की मिर्कोंची फाटकं सताड टाकून गेली! ज्या बाईनं दोन मेंढ्यांसाठी माणसाची आई काढली, तिनं! नाही. दुसरंही फाटक लावलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

तिसरं फाटक साडेबाराला आलं. त्याच्या पलीकडं लगेच चढ, आणि चढाच्या पोटात वाऱ्यानं आणून टाकलेला मऊ बर्फ. वेगात असती तर पार झाली असती. फाटक उघडून ती गाडीत बसली, आत घेतली, चढाला लागली. डावा पाय क्लचवर गेला. नको, असं तिला स्वच्छ वाटलं. आरशात मागं उघडं फाटक दिसत होतं, वाऱ्यानं हलत होतं. ती थांबली. उतरली. फाटक लावलं.

परत आली तेव्हा गाडी दोन बोटं खाली बसली होती. तिनं हलकेच क्लच सोडला. चाकं जागच्या जागी फिरली. पुन्हा एकदा, थोडं जोरात, आणि मागचा आस बर्फावर टेकला.

त्यानंतर तिनं जे केलं ते सगळं बरोबर केलं, फक्त उशिरा. चाकं आणखी फिरवली नाहीत. फिरवली की गाडी स्वतःची कबर खणते. आधी धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ काढला, नाहीतर धूर आत भरतो. आसाखालचा बर्फ फावड्यानं उपसला, पोटावर पडून, कोपरानं. चारही चाकांपुढं हात-हात वाट खणली. राख टाकली. कातडी घातली, लोकर वर करून. अर्थातच वर. क्लच सोडला आणि दोन्ही कातडी मागं उडाली, जशी कुणी अंगावरची रजई लाथाडावी. पुन्हा घातली, पुन्हा उडाली. दोन वाजले. बोटं कळेनाशी झाली. ती चाकाला टेकून बसली आणि रडली, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

होतं. धारेवरून घोडा येत होता, आणि घोड्यावर डोन मिर्को, सत्तरीचा म्हातारा, टोपीवरून बायकोची शाल गुंडाळलेला.

“बाई, रेडिओ बिघडलाय का तुमचा?”

“चांगला आहे.”

“मग कान बिघडलेत. पहिलं फाटक लावलेलं. दुसरं लावलेलं. दोन तास बुड गोठवत आलो मी फाटकं लावायला, आणि मला काही कामच नाही!”

“दुसऱ्याचं फाटक उघडं टाकायची सवय नाही मला.”

“अहो, पण मेंढ्या कुठायत?”

एदुविनानं मान वर केली.

“आर्सेनिओ येऊन गेला ना रविवारी. म्हणाला, कळप आवारात घ्या, गुरुवारी फाटकं उघडी राहतील. चार दिवस माझ्या मेंढ्या घराशी उभ्या राहून सुकं गवत खातायत. या रानात चिटपाखरू नाही. काय राखत होतात तुम्ही?”

तिनं रिकाम्या रानाकडे बघितलं. पांढरं, कुंपण घातलेलं, तीन फाटकं नीट लावलेली, आणि आत काही नाही.

“लोक काय म्हणतील, वाटलं,” ती अखेर म्हणाली.

“लोक? लोक घड्याळाकडे बघतायत! माझी बायको सकाळपासून बोलेना झालीय. दिफुंता कोरेआच्या देवळीला पाण्याच्या चार बाटल्यांचा नवस बोललीय ती, तुम्ही वेळेत पोचलात तर. चार! मी आजारी होतो तेव्हा दोनवर भागवलं होतं.” तो घोड्यावरून उतरला. “उठा. ही कातडी अशी कुणी घातली?”

“मी. लोकर वर.”

“खाली घालायला सांगितलं होतं त्यानं. रेडिओवर. दोनदा.”

“ऐकलं मी दोनदा.”

“देवा रे,” मिर्को म्हणाला, “या बाईशी त्यानं लग्न केलं असतं तर काय झालं असतं!” आणि मग, तिचा चेहरा बघून, “बसा गाडीत. मी ढकलतो.”

तिनं गुडघ्यांवर बसून कातडी उलटी केली. लोकर बर्फावर दाबली, तळहातानं, नीट, कोपरे धरून. मग गाडीत बसली. दुसरा गिअर. थोडं पुढं, सोड, मागं येऊ दे, पुढं, सोड. झोका लागला. तिसऱ्या झोक्याला लोकरीनं बर्फ धरला, चाक कातड्यावर चढलं, आणि गाडी एका दमात वर गेली. मागं मिर्को तोंडघशी पडला होता आणि पडल्या पडल्या ओरडत होता, “थांबू नका! मेलो तरी थांबू नका! चौथं फाटक नाहीये!”

ती थांबली नाही. पावणेतीन झाले होते, पंधरा किलोमीटर राहिले होते, आणि त्यातला निम्मा उतार. घाई करायची नाही, ती स्वतःला बजावत होती, बर्फावर घाई केली की पोचणंच राहतं. पण रडू येत होतं आणि काच धूसर होत होती, आणि ती स्कार्फ सोडून त्यानं काच पुसत होती.

तिठ्यावर पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. खानावळ होती, पेट्रोलचा पंप होता, बस नव्हती. खानावळीपुढं सगळीकडं गुडघाभर बर्फ, आणि त्यात एकच जागा मोकळी केलेली. फावड्यानं, कडा सरळ रेघेत कापून, पार जमिनीपर्यंत. एक पिकअप उभी राहील एवढी, आणि तिच्यापुढं वळायला अर्धगोल. राखही टाकलेली.

खानावळवाली ओब्दुलिया दारातच उभी होती.

“पंधरा मिनिटं, बाई,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटांनी चुकलात.”

“तीनची होती.”

“तीनलाच आली. ड्रायव्हरनं पण ऐकलं होतं ना. म्हणाला, इंजिन तपासतो जरा. अर्धा तास तपासलं. प्रवासी उतरून माझी सगळी कॉफी पिऊन गेले, कुणी तक्रार केली नाही. शेवटी म्हणाला, अंधारात पुढचा घाट मला जमायचा नाही.”

“आणि ते?”

“सकाळी दहापासून इथंच होते. आत या म्हटलं, येईनात. माझं फावडं घेतलं आणि हे करत बसले.” ओब्दुलियानं मोकळ्या जागेकडे हनुवटी केली. “म्हटलं, डोन आर्सेनिओ, पिकअप आहे, आगगाडी नव्हे. म्हणाले, वळायला जागा हवी.”

एदुविना परत गाडीत जाऊन बसली. गाडी त्या मोकळ्या जागेत आणली, मधोमध उभी केली. टायर कुठंही घसरले नाहीत. ती उतरली, चाकामागं दगड ठेवायला वाकली, तर दगडही होता. तिथं तयार ठेवलेला. मग ओब्दुलियानं तिला दंडाला धरून आत नेलं.

बसच्या मागं जायचं म्हटलं असतं तर जाता आलं नसतं. बस पिकअपपेक्षा वेगात जाते, आणि तासाभरात अंधार होता. अंधारात बर्फावर गाडी घालायची नाही हेही त्यानंच सांगितलेलं. ओब्दुलियानं तिच्यापुढं मटणाचा रस्सा ठेवला. तो निवला.

“बसमध्ये रेडिओ असतो का?” एदुविनानं विचारलं.

“असतो की. ड्रायव्हर सातचे निरोप चुकवत नाही.”

“सातला बस कुठं असेल?”

“घाट उतरून गेलेली. पण लागतो तिथं रेडिओ. नदीपर्यंत लागतो. पुढं नाही.”

एदुविना उठली आणि भिंतीवरच्या फोनपाशी गेली. पलीकडं झुनिल्दाचा आवाज आला, रेडिओवर येतो तोच, पण जवळचा.

“निरोप द्यायचाय,” एदुविना म्हणाली.

“कुणाकडून?”

“ला एस्कोंदिदाची एदुविना मान्सिया.”

मग झुनिल्दानं फार हळू विचारलं, “पोचलात का हो, बाई?”

“ते निरोपात सांगते.”

तिनं सांगितलं, झुनिल्दानं लिहून घेतलं. दोन-तीनदा एदुविना अडली, एकदा म्हणाली हे खोडा, मग म्हणाली राहू द्या.

सात वाजता खानावळीत नऊ माणसं होती आणि एकाचाही चमचा वाजत नव्हता. आधी मेंढ्यांच्या लसीची सूचना आली. मग एका बाईच्या ऑपरेशनची बातमी, सुखरूप. मग झुनिल्दा म्हणाली:

“उत्तरेच्या बसमधल्या डोन आर्सेनिओ बारिया यांना, डोन्या एदुविना मान्सिया यांच्याकडून. मी आले. धार तुम्ही म्हणालात तशीच होती. तिसऱ्या फाटकाशी थांबले, तुमचं ऐकलं नाही, म्हणून उशीर झाला. लोकर खाली हेच बरोबर. जागा पुरेशी होती, वळता येईल. त्या दिवशी तुम्ही आभार न म्हणता उठलात, म्हणजे माते संपलेलं नाही. तुमच्यासाठी फाटक उघडं ठेवलं आहे.”

शेवटच्या वाक्याला खानावळीत कुणीतरी टोपी काढली. नियमाप्रमाणे झुनिल्दानं निरोप दुसऱ्यांदा वाचला. तीस वर्षांत तिचा आवाज कधी अडखळला नव्हता, त्या संध्याकाळी एकदा अडखळला. मग हवामान आलं: उत्तरेकडून वारा, रात्री पुन्हा बर्फ.

एदुविना खिडकीशी उभी होती. बाहेर त्या मोकळ्या चौकोनात तिची गाडी दिसत होती. बस आता नदीच्या जवळ असेल. ऐकलं असेल. किंवा डुलकी लागली असेल, किंवा ड्रायव्हरनं नेमकं तेव्हा गाणी लावली असतील. ते कळायला वाट नव्हती. वाट बघणं तेवढं होतं, आणि ते तिला येत होतं.

मग तिला आठवलं. फाटक सकाळी तिनं स्वतः लावलं होतं. तारेचे दोन वेढे घालून.

“ओब्दुलिया,” ती म्हणाली, “मला उजाडायच्या आधी उठव. दोन किटल्या ठेव.”

“रात्री बर्फ पडणार म्हणतायत. शनिवारी ग्रेडर जाईल, मग जा की. एवढी घाई कसली?”

“फाटक उघडायला जायचंय,” एदुविना म्हणाली. “रेडिओवर सांगून बसलेय मी.”